सडबरीचे धुराडे आणि चुनखडीच्या गोणी

कॅनडातील सडबरी या खाणींच्या शहराचे जगप्रसिद्ध धुराडे कायमचे थंड झाले असून ते उतरविण्याचे काम आता हाती घेण्यात आले आहे. ३८१ मीटर उंचीचे हे धुराडे १९७२ साली धूर ओकू लागले, तेव्हा त्याहून उंच धुराडे जगात दुसरे नव्हते. पाच कुतुबमिनार एकावर एक रचले तरी त्याची बरोबरी होणार नाही. १९८७ साली सोव्हिएत संघराज्यातील एका वीजकेंद्राने त्याचा हा मान हिरावून घेतला आणि २०२० साली त्यातून निघणारा धूरही थांबला. आपल्या शहराची खूणच नाहीशी होणार म्हणून हळहळणारे लोक तेथे आहेत. पन्नास वर्षे ज्याने डोक्यावर गंधकाचा धूर सोडला त्याच्याविषयी माणसाला माया वाटावी, हे नवल खरे; परंतु खाणींच्या मुलखात राहणाऱ्याला ते सहज उमगेल.

सात समुद्रांपलीकडील एका धुराड्यावर आम्ही लेखणी का झिजवावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, खाणीवर जगलेल्या आणि खाणीनेच पोळलेल्या गोमंतकाला ज्या प्रश्नांची उत्तरे अद्याप द्यावयाची आहेत, त्यांतील काहींची उत्तरे या शहराने स्वतःच्या हातांनी शोधली. काहींची उत्तरे त्यालाही सापडलेली नाहीत.

सडबरी हे टोरांटोच्या उत्तरेस सुमारे चारशे किलोमीटरवर, ऑन्टेरिओ प्रांतात आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार बृहत् सडबरीची लोकसंख्या १,६६,००४ होती. म्हणजे शहर फार मोठे नव्हे आणि अगदी लहानही नव्हे. त्याचे भाग्य मात्र माणूस पृथ्वीवर येण्याच्या पुष्कळ आधी लिहिले गेले. सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड पाषाण येथे आदळला आणि त्या आघाताने वितळलेल्या खडकातून निकेल व तांबे यांचे साठे तळाशी जमले. त्या आघाताचे आज उरलेले अंडाकृती खोरे सुमारे साठ किलोमीटर लांब आणि तीस किलोमीटर रुंद आहे. हे खोरे ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे, हे मत रॉबर्ट डायट्झ या भूशास्त्रज्ञाने १९६४ साली मांडले. पुढे चंद्रावर जाणाऱ्या अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांना याच खडकांचा अभ्यास करण्यासाठी सडबरीला आणण्यात आले. सडबरी चंद्रासारखी उजाड आहे म्हणून त्यांना तेथे नेले, अशी आख्यायिका मग जगभर पसरली. ती खरी नाही. परंतु ती सर्वांना इतकी सहज पटली, यातच त्या काळच्या सडबरीचे वर्णन आले.

ही भूमी अनिशिनाबे या मूळ रहिवाशांची. १८५० साली रॉबिन्सन–ह्यूरन करार करून ब्रिटिश राजसत्तेने त्यांच्याकडून हा अफाट प्रदेश मिळविला आणि मोबदल्यात वार्षिक तनखा ठरवून दिला. भूमीचे उत्पन्न वाढेल तसा तनखा वाढेल, असे एक कलम त्या करारात होते. १८७५ साली तनखा माणशी चार डॉलर झाला आणि त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे तो चार डॉलरच राहिला! त्या भूमीच्या पोटातून निघालेल्या निकेलने लढाऊ जहाजांना चिलखते चढविली, धनिकांचे मनोरे उभे केले. मूळ मालकाच्या हातावर मात्र दरसाल चार डॉलर. २०२३ साली मागील थकबाकीपोटी दहा अब्ज डॉलरांचा समझोता झाला, आणि राजसत्तेने आपले वचन मोडून अप्रतिष्ठेचे वर्तन केले, असा निर्वाळा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. परसत्तेच्या करारपत्रांचा अर्थ कोण लावतो व केव्हा लावतो, हा प्रश्न ज्यांच्या टेकड्यांवरील खाणींचे पट्टे एके काळी लिस्बनच्या नावाने दिले गेले, त्यांना परका वाटू नये.

गावाचा जन्म आगगाडीमुळे झाला. १८८३ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ येथवर आले आणि बांधकामाच्या एका अधिकाऱ्याने, जेम्स वर्दिंग्टनने, इंग्लंडातील आपल्या पत्नीच्या जन्मगावाचे नाव या तळाला देऊन टाकले. त्याच वर्षी रुळांच्या कामावरील टॉम फ्लॅनगन नावाच्या लोहाराला कापलेल्या खडकात गंजाच्या रंगाचा पट्टा दिसला. खरे म्हणजे त्यापूर्वी सत्तावीस वर्षे, १८५६ साली, सॉल्टर नावाच्या मोजणीदाराची होकायंत्राची सुई याच परिसरात वेडीवाकडी फिरली होती आणि त्याने तशी नोंदही केली होती. ती कोणी मनावर घेतली नाही. सरकारी दप्तरातील नोंदींचे भाग्य सर्व देशांत सारखेच असावे.

१८८६ साली ओहायोच्या सॅम्युएल रिची याने कॅनेडियन कॉपर कंपनी काढली ती तांब्यासाठी. परंतु तांब्याला एक हट्टी सोबती चिकटलेला निघाला. जर्मन खाणकामगारांना जुन्या काळी असाच एक धातुक खडक सापडत असे. दिसे तांब्यासारखा, पण भट्टीतून तांबे काही निघेना. ही खाणीतील खट्याळ भुताची करणी, असे ठरवून त्यांनी त्याला भुताचे तांबे म्हटले, आणि ‘निकेल’ हे त्या भुताचेच नाव. आमच्या खेड्यांत त्याचे खापर देवचाराच्या माथी फुटले असते. सडबरीत त्या भुताने दैव उघडले. निकेल मिसळलेल्या पोलादाला तोफगोळा सहजी भेदू शकत नाही, हे १८९० च्या सुमारास सिद्ध झाले आणि जगातील नौदले निकेलच्या मागे लागली. १९०२ साली अमेरिकन भांडवलावर इंटरनॅशनल निकेल कंपनी, म्हणजे पुढे सर्वतोमुखी झालेली ‘इन्को’, स्थापन झाली. वेल्समध्ये धातुशुद्धी करणारी लुडविग माँडची ब्रिटिश कंपनी १९२९ साली तिच्यात विलीन झाली, तर फाल्कनब्रिज ही दुसरी कंपनी १९२८ साली उभी राहिली. फाल्कनब्रिजच्या त्याच साठ्यावर शतकाच्या आरंभी थॉमस एडिसनने विहीर खणली होती. वाळूचा चिखल लागताच तो कंटाळून निघून गेला.

या संपत्तीला स्वदेश नव्हता. १९१६ साली महायुद्ध ऐन भरात असताना आणि कॅनडाचे तरुण जर्मनांशी लढता लढता धारातीर्थी पडत असताना, ‘डॉइचलँड’ ही जर्मनीची व्यापारी पाणबुडी तटस्थ अमेरिकेच्या बंदरात आली आणि निकेल भरून सुखरूप परत गेली. सडबरीची धातू न्यू जर्सीत शुद्ध होत असे आणि अमेरिका तोवर युद्धात नव्हती, एवढे साधे गणित. कॅनडात संतापाची लाट उसळली. तेव्हा कोठे १९१८ साली ऑन्टेरिओतच पोर्ट कोलबोर्न येथे शुद्धीकरणाचा कारखाना निघाला.

आता त्या धुराकडे वळू. निकेलच्या खडकात गंधक विपुल असते आणि ते आधी जाळून टाकावे लागते. प्रारंभीची रीत अगदी ओबडधोबड होती. आसपासचे जंगल तोडायचे, लाकडाचे थर मोकळ्या मैदानात पसरायचे, त्यांवर खडकाचे ढीग रचायचे आणि आग लावून द्यायची. ढीग महिनोन् महिने धुमसत राहत. १९२९ पर्यंत अशी भाजण्याची मैदाने तेथे चालू होती. धूर जमिनीलगतच लोळत असे. गंधकवायूने झाडे मेली, झाडे गेल्यावर पावसाने टेकड्यांवरची माती वाहून नेली आणि उघडे पडलेले गुलाबी-करडे खडक आम्लाने व काजळीने काळे ठिक्कर पडले. पुढे भट्ट्या आल्या, धुराडी आली. पण गंधक हवेतच जात राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोजदाद झाली, तेव्हा सुमारे वीस हजार हेक्टर भूमी पूर्ण उजाड आणि आणखी ऐंशी हजार हेक्टर अर्धी उजाड आढळली. आम्लपर्जन्याने बिघडलेल्या सरोवरांची संख्या सात हजारांच्या घरात होती.

शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या, दावे लावले. त्यावर ऑन्टेरिओ सरकारने काय केले? १९२१ साली धुराच्या नुकसानीसाठी स्वतंत्र कायदा करून हा विषय न्यायालयांतून काढला आणि लवादाच्या हाती दिला. म्हणजे पीक जळाले तर भरपाईचा आकडा ठरेल. धूर थांबवा, असे मात्र कोणी सांगणार नाही. डिचोली-सांग्याकडील ज्या शेतकऱ्यांनी वायंगणात शिरलेल्या खाणीच्या तांबड्या मातीबद्दल वर्षामागून वर्ष नुकसानभरपाईचे पैसे घेतले आणि शेत मात्र कायमचे गमावले, त्यांना या कायद्याचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या धुराखाली एक जिवंत गाव नांदत होते, हेही सांगितले पाहिजे. फिनलंडचे, युक्रेनचे, इटलीचे आणि क्विबेककडील फ्रेंच लोक येथे पोटासाठी आले. रात्री भट्ट्यांतील तप्त धातुमळी उतारावर ओतली जाई, तेव्हा आकाश लालभडक होई आणि कुटुंबेच्या कुटुंबे मोटारी घेऊन तो देखावा पाहावयास जात. कामगार संघटना बांधणे मात्र सोपे नव्हते. १९४२ साली गुंडांनी ‘माइन मिल’ संघटनेची कचेरी फोडली व कार्यकर्त्यांना बेदम मारले. १९४४ मध्ये संघटनेला मान्यता मिळाली. पगारवाढीपलीकडे पाहणारी ही संघटना होती. तिने कामगारांच्या मुलांसाठी सरोवराकाठी उन्हाळी शिबिर चालविले, नृत्याचे वर्ग काढले. पॉल रोबसन या थोर कृष्णवर्णी गायकाचे पारपत्र अमेरिकन सरकारने काढून घेतलेले असताना १९५६ साली तो तिच्या अधिवेशनात सडबरीला गायला. शीतयुद्धाच्या वाऱ्यात त्या संघटनेवर साम्यवादाचा शिक्का बसला आणि १९६२ मध्ये इन्कोचे कामगार अगदी थोड्या मताधिक्याने पोलाद कामगार संघटनेकडे गेले. भाऊ भावाशी बोलेनासा व्हावा, अशी ती फूट होती.

धुराड्याचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला. १९७० साली प्रांतिक सरकारने इन्कोला गावातील हवा सुधारण्याचा हुकूम दिला. कंपनीने मुख्यतः जो उपाय केला तो उंचीचा. बांधकाम चालू असतानाच त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गावावर चक्रीवादळ आले, तेव्हा काही मजूर धुराड्याच्या माथ्यावर होते. ते वाचले हा दैवयोग. धुराडे पूर्ण झाले आणि सडबरीची हवा खरोखरच निवळली. मात्र गंधक नाहीसे झाले नव्हते, ते केवळ दूर गेले होते. शेकडो किलोमीटरांवरील सरोवरांत ते पावसाच्या रूपाने उतरू लागले. आपल्या दारातला केर झाडून शेजाऱ्याच्या अंगणात लोटण्याची ही विद्या पोलाद-काँक्रीटमध्ये इतक्या भव्य प्रमाणावर क्वचितच साकारली असेल.

आमच्या दृष्टीने सडबरीचा खरा इतिहास येथून पुढे सुरू होतो आणि तो धुराड्याच्या माथ्यावर नव्हे, त्याच्या पायथ्याशी घडतो.

१९७७ च्या ऑक्टोबरात इन्कोने सडबरीतील दोन हजारांवर कामगारांना कमी करण्याचे जाहीर केले. त्याच काळात कंपनीचे ग्वाटेमाला व इंडोनेशिया येथील नवे प्रकल्प सुरू होत होते, याचा लोकांना विशेष राग आला. गावात हातांना काम नव्हते. लॉरेन्शियन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ कीथ विंटरहॉल्डर आणि त्यांचे सहकारी काही वर्षे काळ्या टेकड्यांवर प्रयोग करीत होते. जमिनीतील आम्ल मारले तर तेथे गवत उगवते, असे त्यांना आढळले होते आणि आम्ल मारण्यासाठी लागणारी वस्तू अगदी साधी होती: दळलेली चुनखडी. प्रमाण हेक्टरी दहा टन. टेकड्या इतक्या खडकाळ की यंत्र चढत नाही. तेव्हा १९७८ च्या उन्हाळ्यात नगरशासनाने बेकारी-निवारणाच्या सरकारी पैशातून विद्यार्थ्यांना आणि बेकारांना कामावर घेतले. त्यांनी चुनखडीच्या गोणी खांद्यावरून वर नेल्या, फोडल्या आणि हाताने पसरल्या. मग खत घातले, गवताचे व द्विदल वनस्पतींचे बी टाकले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इन्कोचा तो सुप्रसिद्ध संप सुरू झाला. ११,७०० कामगार जवळजवळ नऊ महिने बाहेर राहिले. कंपनीपाशी निकेलचा मोठा साठा पडून होता. संप तिला सोयीचाच होता, असे पुष्कळांचे मत होते. तरी कामगार हटले नाहीत. त्यांच्या बायकांनी स्वतःची संघटना काढून चूल पेटती ठेवली आणि १९७९ च्या जूनमध्ये संप संपला, तो कामगारांना निवृत्तिवेतनाचे चांगले हक्क मिळवून देऊन. एकाच वर्षात गावाने एका हाताने मालकाशी झुंज घेतली आणि दुसऱ्या हाताने मालकाने जाळलेली जमीन सावरली. ही दोन्ही कामे एकमेकांच्या आड येतात, असे तेथे कोणाला वाटले नाही. आमच्याकडे मात्र ‘खाण अवलंबित’ आणि ‘पर्यावरणवादी’ अशा दोन छावण्या पाडून त्यांना परस्परांवर सोडण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला आहे.

चुनखडी पडली तेथे गवत आले. शास्त्रज्ञांनाही अनपेक्षित वाटावी अशी गोष्ट पुढे घडली: वाऱ्यावर उडत आलेले बर्चचे व पॉपलरचे बी त्या गवतात आपोआप रुजले. पाइनची रोपे माणसांनी लावली. सुमारे साडेतीन हजार हेक्टरांवर चुनखडी पसरून झाली आणि २०२२ च्या जुलैमध्ये दहा दशलक्षावे झाड, म्हणजे एक कोटीवे झाड, गावातील बेल पार्कमध्ये लावले गेले. १९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत या कामाचा संयुक्त राष्ट्रांनी गौरवही केला.

परंतु केवळ गोणी वाहून हे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. वरून गंधक पडत राहते, तर खालची चुनखडी कोठवर पुरली असती? १९८५ साली ऑन्टेरिओ सरकारने इन्को व इतर तीन मोठ्या उद्योगांना गंधकवायूची कमाल मर्यादा आकड्यांत घालून दिली आणि ती गाठण्यासाठी १९९४ ही मुदत दिली. मर्यादा ‘शक्य तेवढी’ नव्हती, नेमकी होती. हे परवडणार नाही, अशी ओरड करणाऱ्या उद्योगाला भट्ट्या बदलाव्या लागल्या आणि तो बुडाला नाही. आज तेथील गंधकवायू १९६० च्या दशकाच्या मानाने ९५ टक्क्यांहून अधिक घटला आहे. म्हणूनच एवढे उंच धुराडे निरुपयोगी ठरले: दूर लोटण्यासारखे काही फारसे उरलेच नाही. सरोवरांतील आम्लता उतरली, कित्येकांत मासे परतले.

मालक मात्र आणखी दूर गेले. २००६ साली इन्को ब्राझीलच्या वाले कंपनीने विकत घेतली आणि फाल्कनब्रिज स्वित्झर्लंडच्या एक्स्ट्राटाकडे, पुढे ग्लेनकोरकडे गेली. २००९ च्या जुलैपासून वर्षभर पुन्हा संप झाला. त्यात बाहेर पडलेले कामगार तीन हजारांच्या आसपास होते. ११,७०० आणि तीन हजार या दोन आकड्यांमध्ये यंत्रयुगाची तीस वर्षे आहेत. गावाने विद्यापीठ, रुग्णालय, सरकारी कचेऱ्या, १९८४ चे विज्ञानकेंद्र यांच्या आधाराने स्वतःला सावरले. सॉल्टरची सुई जेथे बिघडली तेथेच पुढे क्रेटन खाण झाली आणि तिच्यात दोन किलोमीटर खोल, हजार टन जड पाणी ठेवून सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा शोध घेण्यात आला. त्या कार्यासाठी आर्थर मॅकडोनाल्ड यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भाषेचा प्रश्नही तेथे आहे. सडबरीचा जवळजवळ चौथा हिस्सा फ्रेंचभाषी. १९१२ च्या एका सरकारी नियमाने ऑन्टेरिओच्या शाळांतील फ्रेंचचा गळा आवळला होता आणि ती फास सैल व्हायला १९२७ उजाडावे लागले. ऑन्टेरिओतील फ्रेंचभाषकांचा हिरवा-पांढरा ध्वज प्रथम फडकला तो सडबरीतच, २५ सप्टेंबर १९७५ रोजी. पण २०२१ साली लॉरेन्शियन विद्यापीठाने दिवाळखोरी जाहीर केली आणि एका झटक्यात ६९ अभ्यासक्रम बंद केले, त्यांत फ्रेंचमधील पुष्कळ होते. राज्याच्या सीमेपलीकडे राहून आपली भाषा सांभाळणाऱ्यांचे दुःख आम्ही बेळगावात पाहिले आहे. ते येथे निराळे नाही.

गोमंतकात २०१२ साली खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीतून कायम निधी उभारण्याचा आदेश दिला, २०१८ मध्ये ८८ लिजे रद्द झाली आणि २०२२ च्या अखेरीपासून लिलाव सुरू झाले. या दीर्घ काळात हातांना काम नाही, अशी रास्त ओरड खाणपट्ट्यातून सतत ऐकू आली. त्याच खाणपट्ट्यात डंपांचे ढीग पावसाळ्यागणिक ओहोळांत उतरत होते. रिकामे हात आणि उघडे डोंगर शेजारी शेजारी उभे होते. मजुरी देऊन त्यांची गाठ घालून देण्याचे सरकारला सुचले नाही. आमची जांभ्याची माती आणि तेथील आम्लाने जळलेली माती यांचे रोग वेगळे, औषधेही वेगळी असणार. मजुरांची हजेरी मांडण्याची रीत मात्र तीच असती.

सडबरीतही काम पुरे झालेले नाही. मातीत निकेल व तांबे अजून आहेत, काळे खडक महामार्गावरून दिसतात, हजारो हेक्टरांवर अद्याप चुनखडी पोचलेली नाही. झाडे उभी राहिली, पण जंगलाच्या तळाशी असणारी शेवाळे, नेचे, रानफुले, मातीतील सूक्ष्म जीव स्वतःहून येईनात. तेव्हा २०१० पासून तेथे एक नवी रीत निघाली आहे. जेथे नवा रस्ता जाणार असून जंगल नाहीतरी कापले जायचे आहे, तेथील भुईचे पातळ थर मुळांसकट चौकोनी तुकड्यांत कापून घेतात, गाडीतून आणतात आणि नव्या झाडांच्या सावलीत, गोधडीला ठिगळ लावावे तसे एकेक करून अंथरतात.